वृद्ध रुग्णाला सेंट्रल लाइन: सोनोग्राफीने मान पाहण्यापासून लाइन काढेपर्यंत

आजोबा ७९ वर्षांचे. पाठीला पोक, उजव्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शिरेची शस्त्रक्रियेने केलेली जोड), डाव्या छातीत पेसमेकर. न्यूमोनियाने रक्तदाब ८० च्या वर येईना. हातावरच्या शिरा आदल्या दोन दिवसांत टोचून टोचून काळ्यानिळ्या झालेल्या. नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रक्तदाब चढवणारं औषध सुरू करायचं तर सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत खोलवर जाणारी नळी, हवी. अशा रुग्णाशेजारी सुई घेऊन उभ्या राहणाऱ्या निवासी डॉक्टरसाठी आणि ट्रॉली लावणाऱ्या सिस्टरसाठी हे लिहितो आहे. हे वाचून कुणी एकट्याने पहिली लाइन घालू नये. पहिल्या काही लाइन अनुभवी माणूस शेजारी असतानाच घालायच्या.

स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश रेडिओलॉजिस्टने १९५३ मध्ये सुई, सुईतून तार आणि तारेवरून नळी ही पद्धत मांडली. आपण आजही तेच करतो. फरक पडला तो शीर शोधण्यात. पूर्वी मानेचे स्नायू आणि कॅरोटिडचा (मानेतल्या धमनीचा) ठोका चाचपून अंदाजाने सुई जायची. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००२ मध्ये मानेतल्या शिरेसाठी सोनोग्राफी वापरावी अशी शिफारस केली, आणि हळूहळू आयसीयूत प्रोब (सोनोग्राफीचा अंगावर ठेवायचा भाग) आला.

सोनोग्राफीचा उपयोग म्हणजे सुई शिरेत जाताना दिसणं, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की वृद्ध रुग्णात तिचा मोठा उपयोग त्याच्या आधी आणि नंतर होतो. आधी, कुठे टोचायचं नाही ते कळतं. नंतर, डायलेटर (नळीसाठी वाट रुंद करणारं साधन) घालण्यापूर्वी तार शिरेतच आहे हे डोळ्यांनी दिसतं. या दोन वेळा प्रोब ठेवायचा कंटाळा केला, तर मधल्या सुंदर चित्राचा फारसा फायदा नाही.

आधी विचारा: लाइन लागणारच आहे का?

फक्त शिरा सापडत नाहीत म्हणून मानेत जाऊ नका. तोच प्रोब दंडावर ठेवला तर खोलवरची चांगली शीर बऱ्याचदा सापडते आणि लांब कॅन्युला घालून काम भागतं. जाड, नीट चालणाऱ्या शिरेतून नॉरअ‍ॅड्रेनालिनही काही तास देता येतं. मात्र त्या जागेवर सिस्टरची सतत नजर हवी. तेवढ्या वेळात रक्तदाब सावरला तर रुग्णाची मान वाचते. उलट, दोन-तीन औषधं एकदम लागणार असतील आणि डोस चढतच असेल, तर उशीर करू नका. धावपळीत घातलेल्या लाइनपेक्षा वेळेवर घातलेली लाइन बरी.

किडनी अधू असलेल्या रुग्णात दंडातून घालायची पिक लाइन आणि सबक्लेव्हियन (हंसळीखालच्या शिरेतली लाइन) दोन्ही टाळा. पुढे फिस्टुला करायची वेळ आली तर त्याच शिरा लागतील.

पाहणी: सुई हातात घेण्याआधीची दोन मिनिटं

निर्जंतुक तयारीच्या आधी, नुसतं जेल लावून, दोन्ही बाजूंची मान बघा. लिनियर प्रोब घ्या, खोली ३ ते ४ सें.मी. ठेवा. डोक्याशी उभे असाल तर पडदा रुग्णाच्या कमरेपाशी, तुमच्या नजरेच्या सरळ रेषेत येईल असा लावा. प्रोबच्या एका कडेला बोट लावून पडद्यावर डावं-उजवं जुळतंय का ते बघा. ही सवय मोडू नका.

जबड्याच्या कोनापासून हंसळीपर्यंत प्रोब सरकवत या. प्रत्येक टप्प्यावर हलकं दाबा. शीर पूर्ण चपटी व्हायला हवी. ती दबत नसेल किंवा आत करडा ढेकूळ दिसत असेल, तर तिथे गुठळी आहे. ज्यांना पूर्वी डायलिसिसची नळी घातली होती, त्यांच्यात हे वारंवार दिसतं, आणि गळ्यावरचा बारका जुना व्रण सुरकुत्यांत सहज हरवतो. कॅरोटिड शिरेच्या शेजारी आहे की थेट मागे, तेही बघा. डोकं जितकं पलीकडे वळवाल तितकी शीर कॅरोटिडच्या वर येत जाते. म्हणून मान ३० अंशांपेक्षा फार वळवू नका.

वयामुळे चित्र फसवं होतं ते इथे. पुस्तकात शीर दबते आणि धमनी ठोके देते. पण ट्रायकस्पिड झडप गळत असेल तर शीरही ठोके देते, आणि शॉकमधल्या रुग्णाची धमनी जराशा दाबानेही चेपते. कॅरोटिडच्या भिंतीत चुना साठलेला असेल तर पांढरी कडा आणि तिच्यामागे काळी सावली दिसते. ही सावली शिरेवर पडली की शीर अर्धवटच दिसते. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका. दाबून बघा, वर-खाली सरकून बघा, रंगीत डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावा. तिन्ही जुळलं तरच नाव द्या. कॅरोटिडच्या आत प्लाक (भिंतीवर साठलेला थर) दिसला तर त्या बाजूला प्रोब जोराने दाबू नका, आणि दुसरी बाजू चांगली असेल तर तिकडे जा.

आता ते आजोबा. उजवीकडे प्रोब ठेवला तेव्हा आयजे (इंटर्नल जुगुलर, मानेतली मोठी शीर) दबेचना. जुन्या डायलिसिस नळीची गुठळी भिंतीला चिकटून बसली होती. शिवाय ती फिस्टुल्याची बाजू. डावी आयजे उघडी होती, पण तिच्या वाटेवर पेसमेकरच्या तारा होत्या, आणि अशा तारा वर्षानुवर्षे राहिल्या की आतली वाट अरुंद झालेली असू शकते. आम्ही मांडीतली शीर बघितली. ती मऊ, मोकळी होती, शेजारी चुना साठलेली धमनी स्पष्ट दिसत होती. लाइन तिथे घातली आणि रक्तदाब सावरल्यावर तिसऱ्या दिवशी काढली. न बघता सुरुवात केली असती तर उजव्या मानेत चार-पाचदा सुई गेली असती, याबद्दल मला शंका नाही.

मांडीची जागा सोयीची वाटते. पण वृद्ध रुग्णाला लघवी-संडासावर ताबा नसेल तर ती लवकर दूषित होते, आणि फिजिओथेरपिस्टला त्यांना उठवून बसवता येत नाही. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत सबक्लेव्हियन लाइनला जंतुसंसर्ग आणि गुठळ्या सगळ्यांत कमी आढळल्या, पण न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा शिरणं) जास्त. फुफ्फुसं फुगलेल्या, सीओपीडीच्या आजोबांना तो धोका परवडत नाही. म्हणून अडचण नसेल तर माझी पहिली पसंती उजव्या आयजेला. तिथून हृदयापर्यंतचा रस्ता सरळ आहे, आणि थोरॅसिक डक्ट (लसिकेची मोठी नळी) डावीकडे असल्याने ती वाचते.

पाहणी संपवताना दोन्ही छातींवर प्रोब ठेवून फुफ्फुस सरकताना दिसतंय ना, ते बघून लिहून ठेवा. नंतर तुलनेला लागेल.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

घरून आलेली गोळ्यांची पिशवी स्वतः उघडून बघा. अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगाट्रान, वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल यांतलं काहीतरी बहुधा निघतं, आणि ‘हृदयाची गोळी’ एवढंच घरच्यांना माहीत असतं. तातडीची गरज असेल तर यांच्यासाठी थांबू नका. दाबता येईल अशी जागा निवडा आणि सर्वांत अनुभवी हाताने, एका टोचण्यात काम करा. प्लेटलेट्सबाबत मात्र नेदरलँड्समधल्या २०२३ च्या अभ्यासाने मला सावध केलं. प्लेटलेट्स १० ते ५० हजार असलेल्या रुग्णांत, सोनोग्राफी वापरूनही, आधी प्लेटलेट्स न दिलेल्यांपैकी ११.९ टक्क्यांना आणि दिलेल्यांपैकी ४.८ टक्क्यांना लक्षात घेण्याजोगा रक्तस्राव झाला.

ईसीजीही बघा. डाव्या बंडलचा (हृदयातल्या विद्युतवाहक तंतूंचा) ब्लॉक असेल आणि तार उजव्या वेंट्रिकलला (हृदयाच्या खालच्या कप्प्याला) टेकली, तर उजवा बंडलही बंद पडून पूर्ण हार्ट ब्लॉक होऊ शकतो. अशा रुग्णाजवळ पेसिंगची सोय असलेला डिफिब्रिलेटर आधीच आणून ठेवा, आणि तार कमी आत घाला.

आजींना सांगा, फक्त मुलाला नको

संमतीच्या कागदावर मुलाची सही घेऊन आपण मोकळे होतो. आजी शुद्धीवर असतील तर आधी त्यांना सांगा. श्रवणयंत्र काढून ठेवलं असेल तर ते लावा, कानाजवळ जाऊन शांतपणे बोला: “आजी, मानेच्या शिरेत एक बारीक नळी घालायची आहे. तोंडावर कपडा येईल, पण श्वास घेता येईल. मी सांगत राहीन. दुखलं तर हात हलवू नका, तोंडाने सांगा.” हिरव्या कपड्याखाली वृद्ध माणूस घाबरतो, धडपडतो, आणि नेमका सुई आत असताना हात वर आणतो. कपडा सलाइनच्या स्टँडला अडकवून तंबूसारखा उचलून धरा, चेहऱ्याची एक बाजू उघडी राहू द्या, आणि एका सिस्टरला त्यांचा हात धरून बसवा. एका माणसाची ही दहा मिनिटं वाया जात नाहीत.

घाबरतात म्हणून मिडाझोलम (गुंगीचं औषध) देऊ नका. संध्याकाळी तेच आजोबा नळ्या उपटायला लागतात. भूल जागेवरच नीट द्या. लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम. ४५ किलोच्या आजींना १३५ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं साडेसहा मिली पुरे. सगळं एका जागी ओतू नका. औषधाचा फुगा शिरेला दाबतो आणि चित्रही बिघडवतो.

झोपवायचं कसं

तरुण रुग्णात डोक्याकडची बाजू १०-१५ अंश खाली करतो. हार्ट फेल्युअरच्या आजोबांना ते सहन होत नाही आणि गरजही नसते. त्यांच्या शिरा बसल्यावरही फुगलेल्या असतात. प्रोब ठेवून बघत बघत डोकं किती खाली न्यायचं ते ठरवा. शीर टम्म दिसतेय ना, मग तिथेच थांबा. उलट जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या रुग्णाची शीर श्वासागणिक मिटत असेल, तर पाय वर उचला आणि आधी थोडं सलाइन जाऊ द्या. ज्यांना सपाट झोपवत नाही, त्यांची सगळी तयारी डोकं वर ठेवून करा आणि फक्त सुई-तारेच्या वेळेपुरतं सपाट करा.

पोक असलेल्या पाठीखाली खांद्यामागे उशी सारू नका. उलट डोक्याखाली घडी केलेली चादर द्या, नाहीतर डोकं अधांतरी राहतं. मानेचा स्पॉन्डिलायटिस किंवा संधिवात असेल तर रुग्ण स्वतः जितकी वळवेल तितकीच मान वळवा.

निर्जंतुक तयारी

हात धुणे, टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे, डोक्यापासून पायापर्यंत मोठा ड्रेप. क्लोरहेक्सिडिन २ टक्के अल्कोहोलसह लावा आणि आपोआप वाळू द्या. पुसू नका. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या आयसीयूंनी हात धुणे, पूर्ण आवरण, क्लोरहेक्सिडिन, मांडी टाळणे आणि नको असलेली लाइन काढणे या पाच साध्या गोष्टी नेमाने केल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात लाइनच्या जंतुसंसर्गाचा मध्यक दर १००० लाइन-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला. यात महागडं काहीच नाही.

प्रोबचं कव्हर नसेल तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं कॅमेरा कव्हर चालतं. आत जेल घाला, हवेचे बुडबुडे पुसून काढा, बाहेरून निर्जंतुक जेल लावा. साधं बाटलीतलं जेल बाहेरून कधीही लावू नका. आणि एक कायदेशीर बाब: मशीन फक्त आयसीयूसाठी असलं तरी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली त्याची नोंदणी लागते. विकत घेण्याआधीच हे पाहून घ्या.

सुई

डावखुरे नसाल तर डाव्या हातात प्रोब. त्या हाताची करंगळी रुग्णाच्या हंसळीवर टेकवा, म्हणजे प्रोबचा भार तुमच्या हातावर राहील. वृद्धांची शीर इतक्या कमी दाबाची असते की प्रोबच्या नुसत्या वजनाने ती पडद्यावरून गायब होते. ‘शीरच नाही’ असं वाटलं तर आधी हात उचलून बघा.

शीर पडद्याच्या मध्यावर आणा. शिरेचा मध्य १ सें.मी. खोल असेल तर प्रोबच्या १ सें.मी. मागे, ४५ अंशांत टोचा. सुई आणि पडद्याचा प्रतल तिथे शिरेतच भेटतात. सिरिंजमध्ये हलकी ओढ ठेवा.

आडव्या चित्रात (शिरेच्या आडव्या छेदात) सुई एक पांढरा ठिपका दिसते, आणि घोळ इथेच होतो. ठिपका म्हणजे टोकच असेल असं नाही, मधली दांडीही तशीच दिसते. म्हणून ठिपका दिसला की सुई थांबवा, प्रोब जरासा पुढे सरकवा, ठिपका नाहीसा होऊ द्या, मग सुई तेवढीच पुढे न्या. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई. असं करत शिरेपर्यंत पोहोचा. हात बसला की उभ्या चित्रात, सुईची पूर्ण लांबी दिसेल असं, शेवटचं अंतर पार करायला शिका. मागे कॅरोटिड असेल तेव्हा मला उभं चित्रच जास्त भरवशाचं वाटतं.

सैल कातडीखाली शीर बाजूला पळते, आणि तिची पुढची भिंत सुईपुढे तंबूसारखी आत दबते. जोर लावलात तर सुई पुढची आणि मागची भिंत एकदम भेदते. छोटा, चटकन दिलेला धक्का द्या आणि थांबा. तंबू सुटून भिंत परत वर आलेली दिसेल. रक्त आलं नाही तर ओढ कायम ठेवून सावकाश मागे या. अनेकदा मागे येतानाच रक्त येतं. तीनदा जमलं नाही तर सुई दुसऱ्या हातात द्या. यात कमीपणा नाही.

रक्त लालभडक की काळपट यावर निर्णय देऊ नका. ऑक्सिजन आणि रक्तदाब दोन्ही कमी असताना धमनीचं रक्तही काळं आणि संथ येतं.

तार, आणि डायलेटरच्या आधीचा थांबा

सिरिंज काढताच सुईच्या तोंडावर अंगठा ठेवा, हवा आत जाऊ नये म्हणून. तार विरोधाशिवाय गेली पाहिजे. अडली तर ढकलू नका. १५ ते १८ सें.मी. पुरे. बहुतेक तारांवर दर १० सें.मी.ला खूण असते, ती बघा. सिस्टरने मॉनिटर पाहत राहावं आणि ठोके चुकले की मोठ्याने सांगावं. तार लगेच मागे घ्या. पेसमेकर नुकताच बसवला असेल तर तार लांबवर नेणं धोक्याचं, नव्या लीड सुटू शकतात.

आता थांबा. सुई काढा, तार धरून ठेवा, प्रोब परत लावा. आडव्या चित्रात तार शिरेच्या आत दिसली पाहिजे, उभ्या चित्रात ती शिरेत शिरून हृदयाकडे जाताना, मागची भिंत न भेदता. हंसळीपर्यंत तिचा माग काढा. शंका राहिली तर तारेवरून बारीक कॅन्युला सरकवून, तार काढून तिला निर्जंतुक नळी जोडून रक्ताचा स्तंभ किती चढतो ते बघा, आणि हे सगळं डायलेटर पेटीतच असताना. धमनीत गेलेली बारीक सुई दाबून थांबवता येते. धमनीत गेलेला डायलेटर शस्त्रक्रियेपर्यंत नेतो. हा अर्धा मिनिट माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांकडून मी हट्टाने करवून घेतो.

कातडीवर ११ नंबरच्या ब्लेडने बारीक छेद द्या, धार तारेपासून दूर. डायलेटर फिरवत, तारेच्याच दिशेने, फक्त शिरेच्या खोलीपर्यंत न्या. बहुतेकदा ३-४ सें.मी. पूर्ण लांबी आत घालायची नसते. मधूनमधून तार मोकळी सरकतेय ना ते तपासा. ती वाकली असेल तर डायलेटर भिंत फाडतो.

किती आत, आणि खात्री

सेंटिमीटरमधल्या उंचीला १० ने भागलं की उजव्या आयजेसाठी अंदाजे अंतर मिळतं, असं सूत्र वापरलं जातं. पोक आलेल्या माणसाची मोजलेली उंची फसवते, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. बुटक्या आजींना १२-१३ सें.मी.वर ठेवून एक्स-रेने ठरवतो. टोक श्वासनलिका दुभंगते त्या पातळीच्या आसपास हवं. तार बाहेर आली की “तार बाहेर” असं मोठ्याने म्हणा आणि सिस्टरला दाखवा. प्रत्येक वाटेतून रक्त ओढून सलाइनने धुवा. पोटाच्या वरच्या भागावर प्रोब ठेवून हृदय बघत लाइनमधून सलाइन जोरात सोडलं तर दोन सेकंदांत उजव्या कप्प्यात बुडबुड्यांची खळबळ दिसते. फुफ्फुसं परत सरकताना बघा. एक्स-रे तरीही काढा.

पातळ कातडीला पट्टीचीही इजा होते. पट्टीखाली कातडीचं संरक्षक द्रव्य लावा, आणि बदलताना कातडी एका हाताने धरून पट्टी सावकाश, कातडीला समांतर सोडवा.

धमनीत गेलं तर

फक्त सुई गेली असेल तर काढा आणि ५ ते १० मिनिटं दाबा. प्लाक असलेली कॅरोटिड पूर्ण बंद होईल इतकं नाही. डायलेटर किंवा नळी गेली असेल तर ती काढू नका. तशीच ठेवा, वरिष्ठांना आणि व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवा. घाबरून ओढून काढणं हीच सर्वांत घातक कृती ठरते.

रोजचा प्रश्न आणि काढणं

रोज सकाळच्या राउंडला लाइनकडे बोट दाखवून विचारा: आज ही का आहे? उत्तर सापडलं नाही तर त्याच दिवशी काढा. काढताना रुग्ण सपाट हवा, शक्य असेल तर डोकं किंचित खाली. खुर्चीत बसलेल्या आजोबांची लाइन कधीही काढू नका, आत ओढली गेलेली हवा जीव घेऊ शकते. “श्वास सोडा आणि धरा” म्हणा. ऐकू येत नसेल किंवा कळत नसेल तर श्वास सोडताना बघून काढा. गॉझने ५ मिनिटं दाबा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर १०. हवाबंद पट्टी २४ तास राहू द्या, आणि पुढचा अर्धा तास त्यांना झोपूनच राहायला सांगा.